'कॉम्प्लिकेशन'ला मराठीत काय म्हणावं? गुंतागुंत, उपद्रव की आणखी काही?

कोडिंगवाली (नागपूर)

मी मेडिकल कोडिंग करते, म्हणजे रुग्णांच्या चार्टमधल्या नोंदी वाचून प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावते. सध्या नवीन मुलामुलींना शिकवायचं काम माझ्याकडे आहे. बहुतेक जण भंडारा, गोंदिया, उमरेडकडचे, मराठी शाळेतून आलेले. चार्ट अमेरिकेतले आणि इंग्रजीत, पण नियम डोक्यात शिरतो तो मराठीत सांगितल्यावरच.

नागिणीचं घ्या. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दबा धरून बसतो आणि कित्येक वर्षांनी नागीण होऊन अंगावर निघतो. फोड सुकतात, खपल्या पडतात, पण काहींची आग आणि सणक तीन महिने उलटले तरी जात नाही. माझ्या सासूबाईंचं तेच झालं. पदर बरगडीला नुसता घासला तरी कळवळायच्या. "नागीन सुकली वं, पन कळ काई जाऊन नाई राह्यली," म्हणायच्या.

कोडिंगमध्ये नुसती नागीण म्हणजे बी ०२.९, 'विदाउट कॉम्प्लिकेशन्स'. सासूबाईंसारखी बरगडीतली कळ असेल तर बी ०२.२९, चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूची असेल तर बी ०२.२२. हे मी 'गुंतागुंत' शब्द वापरून शिकवते. परवा एका मुलीने विचारलं, "मॅडम, गुंतागुंतीचं ऑपरेशन म्हणजे अवघड ऑपरेशन ना? मग अवघड नागीण म्हणजे बी ०२.२९ का?" मला उत्तर सुचलं नाही. दुसरा शब्द आहे का? आणि 'सिक्वेला'ला, म्हणजे आजार गेल्यावर मागे राहणाऱ्या परिणामाला, काय म्हणावं?

वैद्य, महाल

आहे, आणि फार जुना आहे: उपद्रव. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, विसर्पाच्या अध्यायात त्याची व्याख्याच दिली आहे. मूळ रोगानंतर होणारा, त्याच रोगाच्या आश्रयाने राहणारा, लहान किंवा मोठा असा रोगच म्हणजे उपद्रव. नंतर येणं आणि मुळाशी नातं असणं, दोन्ही अटी त्यात आहेत. अवघडपणाचा त्यात काही संबंध नाही. तुमच्या विद्यार्थिनीची शंका इथे उरत नाही.

निवृत्त परिचारिका

व्याख्या पटली. पण वॉर्डात तीस वर्षं काढून सांगते, नातेवाइकांना 'उपद्रव झाला' म्हटलं की त्यांना उंदीर-डास आठवतात, नाहीतर आपल्यावरच काही ठपका आहे असं वाटतं. बाळंतपणातली 'गुंतागुंत' मात्र खेड्यातल्या आशाताईंनाही कळते. पेशंटशी बोलताना गुंतागुंत, वर्गात उपद्रव, असं ठेवा.

सिक्वेलासाठी माझ्या मनात एकच शब्द येतो: वण. देवी गेल्या, वण राहिले. पोलिओ गेला, पाय अधू राहिला.

कोडिंगवाली (नागपूर)

'वण' फार आवडला! पोलिओच्या मागे राहिलेल्या अधूपणाला बी ९१ हा वेगळाच कोड आहे. मूळ आजार आता नाही, त्याने मागे ठेवलेलं आहे, हाच त्याचा अर्थ. गंमत अशी की नागिणीनंतरच्या कळेच्या 'पोस्ट-हर्पेटिक न्युराल्जिया' या नावातच 'पोस्ट', म्हणजे 'नंतर', आहे, तरी ती सिक्वेलाच्या बी ९४ मध्ये जात नाही, नागिणीच्याच घरात राहते. म्हणजे ती वण नव्हे, उपद्रव. हे मुलांना सांगता येईल.

पण खरी अडचण नामांची नाहीच, शब्दयोगी अव्ययांची आहे. चार्टमध्ये डॉक्टर लिहितात: नागीण बरी झाली, नंतर छातीच्या भिंतीत दुखतं. मुलं लगेच बी ०२.२९ लावतात. पण 'नंतर' म्हणजे 'मुळे' नव्हे. तेवढ्यावर छातीतल्या दुखण्याचा आर ०७.८९ लागतो आणि डॉक्टरांना विचारावं लागतं. विचारतानाही 'हे नागिणीमुळेच ना?' असं सुचवायचं नाही. 'दुखण्याचं कारण काय?' एवढंच.

उलट 'विथ'चं. कोडिंगच्या सूचीत दोन आजार 'विथ'ने जोडलेले असले की त्यांचं कार्यकारण नातं धरून चालायचं, डॉक्टरांनी स्पष्ट नाकारलं नसेल तर. मराठीत 'सह' म्हटलं की फक्त सोबत. 'मुलासह आई आली' यात मुलामुळे आली असं कुठे आहे?

मराठीचा मास्तर

मग 'सह' वापरूच नका. ज्या नात्याची खात्री आहे तिथे 'मुळे'. 'मुळे' हे 'मूळ' या शब्दाचंच तृतीयेचं रूप आहे. नागिणीमुळे, म्हणजे जिचं मूळ नागीण आहे ते. हे एकदा सांगितलं की मुलं 'नंतर' आणि 'मुळे' यांची गल्लत करणार नाहीत.

बोलीत 'पायी'ही आहे. 'नागिणीपायी झोप गेली.' त्यात कारणाबरोबर वैताग असतो, म्हणून नोंदीत नको.

निवृत्त परिचारिका

मास्तरांचं वाचून मृत्यूच्या कारणाचा दाखला आठवला, रुग्णालयातला फॉर्म ४. वरच्या ओळीत प्रत्यक्ष मृत्यूचं कारण, खाली 'ड्यू टू', त्याखाली पुन्हा 'ड्यू टू'. सगळ्यात खालच्या ओळीत मूळ कारण. गोवरामुळे न्यूमोनिया, न्यूमोनियामुळे श्वसन बंद. नवे डॉक्टर वरच्या ओळीत 'श्वसन बंद' लिहून थांबत. मग गोवर कुठे मोजला जाणार? मी फाईल घेऊन त्यांच्यामागे जायची.

कोडिंगवाली (नागपूर)

ताई, हे उदाहरण उद्याच घेते. गोवर आणि न्यूमोनिया दोन्ही मिळून एकच कोड आहे, बी ०५.२. फळ्यावर आधी तुमच्या तीन ओळी खालून वर वाचायला लावते. सासूबाईंचं वाक्यही लिहिते, आणि विचारते: यात 'मुळे' कुठे आहे?