प्रतिसाद: निसर्गचित्रणासाठी गाव सोडावं लागत नाही

वर एकांनी लिहिलंय की निसर्गचित्रणातच नाव करायचं तर लडाख-स्पिती गाठा, गोव्यात किनाऱ्यापलीकडे आहे काय? मला हे अजिबात पटत नाही. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा, छायाचित्रण शिकवतोही इथेच.

चोर्ल्याच्या घाटात पावसात उभं राहून पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कापणारा फिल्टर) फिरवला की ओल्या पानांवरची चकाकी जाते नि खरा हिरवा रंग वर येतो. हे खोलीत बसून कळत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, जांभ्याच्या खळग्यांत इवली फुलं येतात. कॅमेरा जमिनीलगत न्यावा लागतो (पाय कुठे ठेवायचा नाही, हे मी आधी शिकवतो). फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, पाण्यात आभाळ उतरलेलं असतं, पण भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणजे कालची चौकट आज त्याच वेळी मिळत नाही. खाजनाची राखण करणाऱ्याला विचारा, पाण्याची वेळ तोच नेमकी सांगेल.

विद्यार्थी सुरुवातीला थोडेच येतात, हे खरं. मात्र एकाच सड्यावर त्यांना मी पावसात नेतो, मग थंडीत, मग गवत पिवळं पडल्यावर. पाहुणा छायाचित्रकार हे करू शकत नाही.