मोडी दप्तर आणि डिजिटल प्रशिक्षण: एकत्र शिकवावं का?

करवीरकर (धागाकर्ता): इतिहास-मराठीचे विद्यार्थी, पीएचडीवाले आणि संगणकाची पोरं यांना एकाच कागदाभोवती बसवून डिजिटल मानव्यविद्या, म्हणजे इतिहास-साहित्याचा संगणकाच्या मदतीनं अभ्यास, शिकवावी, असं माझं ठाम मत. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम सगळ्यांना पाठ आहे. पण तो कुठल्या खात्यात कसा राबवला, हे धुंडाळायचं तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातल्या मोडी कागदांत शिरावं लागतं. स्कॅन केलं की फोटो मिळतो, त्यात गाव नाही की माणूस शोधता येत नाही.

बाराखडी: आधी मोडी वाचणारे तयार करा हो! शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ एकच, त्यात कारकुनाचं घाईचं वळण. चार दिवसांच्या कार्यशाळेत प्रमाणपत्र मिळतं, अक्षर लागत नाही.

करवीरकर: वाचन आधी, कबूल. पण एकानं वहीत लिप्यंतर केलं, तो गेला, वही गेली. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या जागतिक यादीत, २०१४ पासून जागा आहे, वापरतंय कोण?

पंचगंगा_कोडर: मी संगणकवाला. आम्हाला एकट्याला सोडलं तर वाटोळं होईल. तारखेचंच बघा. जुन्या कागदावर सुहूर सन, म्हणजे तेव्हाची दफ्तरी कालगणना, असतो. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००, कारण ते वर्ष मृगाला बदलतं. त्यात आकडे अरबी शब्दांत: इसन्ने, सलास, खमस. आमचा पोरगा ही माणसांची नावं समजून टॅग करणार, शंभर टक्के. हस्ताक्षर ओळखणारं सॉफ्टवेअर तयार करायलाही माणसानं बिनचूक वाचलेली पानंच लागतात. उलट, हजारो कागदांतून एक गाव वेचून काढणं तुम्हाला वहीत जमणार नाही.

बाराखडी: म्हणजे राबायचं मोडीवाल्यानं, आणि पेपरावर नाव? पीएचडी एकाच्याच नावावर होते. पाच जणांचं काम घेऊन तोंडी परीक्षेला बसणार कोण?

तालीमगल्ली: राव, त्याची सोय आहे. टीईआय म्हणून संगणकातल्या मजकुरावर नाव, गाव, तारीख अशा खुणा करायची पद्धत आहे, १९८७ पासून घडत आलेली. तिच्या फाइलीत लिप्यंतर कुणाचं, तपासणी कुणाची, खुणा कुणाच्या, सगळं वेगवेगळं नोंदवता येतं. गाइड लोकांनी ते मानलं पाहिजे, घोडं तिथंच अडतंय.

बाराखडी: मग आधी गाइडांनाच बसवा त्या प्रशिक्षणाला! तोवर माझी पोरं मोडी गिरवतील.

करवीरकर: बसवूया की. पण शिकवायला तुम्हीच यायचं.