‘बातम्या बंद करा, झोप लागेल’ म्हणे!

रात्रपाळी: काल ‘निवांत’ यांनी इथे लिहिलं की जगाचं ओझं तुमच्या डोक्यावर कोणी दिलेलं नाही, बातम्या बघणं बंद करा, पंधरा दिवसांत झोप सुधारेल. खाली बदामांचा सडा. मला राहवलं नाही, म्हणून हा धागा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा माझा धाकटा भाऊ युक्रेनमध्ये, खारकीव्हला होता. तळघरात. बॅटरी वाचवायची म्हणून दिवसातून दोनदा फक्त ‘ठीक’ एवढंच लिहायचा. मधल्या वेळात माझ्या हातात बातम्यांशिवाय काय होतं? एका टिकच्या दोन होतात का, ते बघत रात्र जायची. तेव्हा कोणी ‘दीर्घ श्वास घे’ म्हणालं असतं तर फोन फेकून मारला असता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

निवांत: भावाचं वाचून पोटात गोळा आला. पण मी तुम्हाला उद्देशून लिहिलंच नव्हतं. ज्यांचं तिथे कोणी नाही आणि तरी रात्री दोनला अंगठा सरकवत बसतात, त्यांच्यासाठी होतं ते. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतरचा अभ्यास बघा. नंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या बघणाऱ्यांनी, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षा जास्त ताण नोंदवला.

मुद्देसूद: जे मुळातच घाबरट, तेच जास्त बघणार. यात बातम्यांचा काय दोष?

निवांत: आधीचा मानसिक त्रास हिशेबात धरला होता त्यांनी. वाचून बोला.

मुद्देसूद: बरं, धरला. पण घाबरण्यासारखं काही नाहीच का? ते प्रलयघड्याळ, मध्यरात्र म्हणजे जगाचा विनाश असं धरून अणुशास्त्रज्ञ दाखवतात ते, जानेवारी २०२५ मध्ये मध्यरात्रीपासून ८९ सेकंदांवर आणलं. शास्त्रज्ञ काय गंमत म्हणून आणतात?

काटेकोर: आलं का घड्याळ! अहो, १९४७ मध्ये मार्टिल लँग्सडॉर्फ या चित्रकर्तीने त्या अणुशास्त्रज्ञांच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठासाठी काढलं ते. काटा सात मिनिटांवर का, तर दिसायला बरा दिसतो म्हणून. आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग खरंच अणुयुद्धाच्या कड्यावर उभं होतं तेव्हा काटा जागचा हललाही नाही.

मुद्देसूद: तेरा दिवसांत निवळलेल्या संकटासाठी कसा हलणार? ते वर्षाचा ताप मोजतं, आगीची घंटा नाही ती. १९९१ मध्ये तोच काटा १७ मिनिटांपर्यंत मागे नेला होता. नुसती भीतीच विकायची असती तर मागे कशाला नेतील?

काटेकोर: ताप मोजतं? मग पारा दाखवा. आधी मिनिटं होती, आता सेकंद झाले. पुढे काय, पाव सेकंद?

मुद्देसूद: खिल्ली उडवणं म्हणजे अभ्यास नव्हे. १९८३ चा तो सोव्हिएत लष्करी अधिकारी पेत्रोव्ह आठवा. सोव्हिएत यंत्रणेने पाच अमेरिकी क्षेपणास्त्रं येताना दाखवली, प्रत्यक्षात ढगांवरून परतलेलं ऊन होतं. इतक्या बारीक धाग्यावर लटकलोय आपण.

काटेकोर: पेत्रोव्ह माझ्या बाजूचा आहे हो! पडदा बोंबलत असताना तो माणूस थांबला, इशारा खोटा ठरवला त्याने. तुम्ही असता तर चार ग्रुपवर फॉरवर्ड केलं असतंत.

मुद्देसूद: वैयक्तिक होऊ नका. तुमच्यासारख्यांमुळेच मी इथे वर्षभर फिरकलो नव्हतो.

एक वही: घड्याळाला वेगळा धागा काढा की दोघं. छातीत धडधडायचं म्हणून मी डॉक्टरांकडे गेले, तर ‘विचार करू नका’ हे ऐकण्याचे पैसे मोजून आले. उपयोग झाला तो भलत्याच गोष्टीचा. तुमच्या पेत्रोव्हच्याच वर्षी, १९८३ मध्ये, मानसशास्त्रज्ञ बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत: रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास चिंताच करायची. एरवी आली तर ‘संध्याकाळी ये’. मी वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी युद्ध, युद्ध, अणुबॉम्ब. चौथ्या दिवशी पान बघितलं तर युद्ध एका ओळीत, बाकी सगळं आईचा रिपोर्ट, आईचा रिपोर्ट.

निवांत: हेच तर सांगत होतो.

एक वही: नाही हो, तुम्ही ‘बंद करा’ सांगत होता. बंद करून रिपोर्ट कुठे जाणार होता?

रात्रपाळी: भाऊ परत येऊन वर्षं झाली. आत्ता शेजारच्या खोलीत घोरतोय. तरी पहाटे तीनला हात उशीखाली फोनकडे जातो. निवांत, एवढ्यापुरतं तुमचं खरं. एवढ्यापुरतंच.

मुद्देसूद: पाव सेकंदाचं उत्तर राहिलंय. वेगळा धागा काढलाय, काटेकोर, या तिकडे.