संशोधनावर खर्च वाढवला की जीडीपी वाढतो का?

फोंड्याचा मास्तर
बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. फळ्यावर लिहिलं: दक्षिण कोरिया जीडीपीच्या सुमारे 5 टक्के संशोधनावर घालतो, भारत 0.64 (2020-21). मुलं म्हणाली, मग आपणही 5 करूया! मागच्या बाकावरून एकाने विचारलं, जपान तर 3 टक्क्यांच्या वर आहे, मग 1990 नंतर तिथली वाढ एवढी मंद का? घंटा झाली म्हणून सुटलो. सोमवारी काय सांगू?

गोळीवाला, वेर्णा
सर, त्या पोराला पुढच्या बाकावर घ्या.

मी औषध कंपनीत फॉर्म्युलेशनला आहे. नवी गोळी जमली की बॅच स्टॅबिलिटी चेंबरमध्ये (गोळी किती टिकते ते तपासायचं उष्ण-दमट कपाट) जाते: 40 अंश, 75 टक्के आर्द्रता, सहा महिने. (पावसाळ्यातला गोवा म्हणजे फुकटचा चेंबर, असं आमचे साहेब म्हणतात.) ठरल्या महिन्याला स्ट्रिप काढायची, अशुद्धी वाढली का बघायचं. गोळी पिवळी पडली की पुन्हा पहिल्यापासून. तोवर पगार चालू, वीजबिल चालू, विक्री शून्य. याचं फळ त्याच वर्षीच्या जीडीपीत कुठून दिसणार?

आणि टक्क्यापेक्षा पैसा कोणाचा ते बघा. कोरियात पाचांतले जवळजवळ चार रुपये कंपन्यांचे. त्यांना जगात माल खपवायचा असतो, म्हणून प्रयोगशाळेतलं कारखान्यात उत्पादनाला येतं. आपल्याकडे कंपन्यांचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. जपानचं म्हणाल तर कामाच्या वयाची माणसंच घटत गेली, ती उणीव संशोधन किती भरून काढणार?

चोडणकर
भाऊ, सगळं कंपन्यांवर सोडलं तर आमचं खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) कोण बघणार? बांध फुटला की खारं पाणी आत, साधं भात करपतं. जुन्या गोव्यातल्या एल्याच्या आयसीएआर या सरकारी शेती संशोधन संस्थेने आपल्या कोरगुट या गावठी भातातूनच निवडून खारेपणा सोसणारं 'गोवा धान 1' आणि '2' काढलं. एकदा बियाणं घेतलं की शेतकरी पुढच्या वर्षीचं घरचंच ठेवतो, शेजाऱ्यालाही देतो. कुठली कंपनी यात पैसे घालेल? अर्थतज्ज्ञ पॉल रोमर यांना 2018 चं नोबेल मिळालं ते याच विचारासाठी: ज्ञान एकाने वापरलं म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. देशाचा फायदा खर्च करणाऱ्याच्या वहीत पूर्ण उतरत नाही, म्हणून सरकारनेही हात सैल सोडायला हवा.

फोंड्याचा मास्तर
दोघांचे आभार. 'खर्च कोणाचा' हा रकाना वाढवतो. जपानचं मात्र अर्धंच पटलं. माणसं कमी झाली तर यंत्रमानव आणून दरडोई उत्पन्न तरी जोरात वाढायला हवं होतं ना? कोणी अजून सांगेल का?

चोडणकर, ते बियाणं एल्याला थेट मिळतं का? मडकईला आमचंही खाजन आहे.