टर्की रेड ऑइल काळपट झालं आणि पाण्यात दुधाळ दिसतंय, काय चुकलं?

प्रश्न (टाकी_५०):
टर्की रेड ऑइल (एरंडेलावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून होणारं, पाण्यात विरघळणारं, रंगाईत लागणारं तेल) करत होतो. ५० किलो एरंडेल, ९८ टक्क्यांचं १२ किलो सल्फ्युरिक आम्ल. साध्या लोखंडी टाकीत ढवळत तासाभरात ओतलं. तापमान ४८ अंशांवर गेलं, नाकात झोंबणारा वास आला. साध्या पाण्याने धुतल्यावर ताक झालं, दोन दिवस झाले तरी थर वेगळे होत नाहीत. थोडा नमुना कॉस्टिक सोड्याने न्यूट्रल करून (आम्ल मारून) पाण्यात टाकला तर दुधाळ. असंच सगळं न्यूट्रल करू का?

एरंडघाणा:
नको. आधी ५ किलो मीठ टाकून ३५-४० अंशांवर हळू ढवळा आणि रात्रभर ठेवा. खाली आंबट पाणी बसेल, ते काढा. न धुता न्यूट्रल केलंत तर त्या उरलेल्या आम्लाचं सोडियम सल्फेट (एक क्षार) होतं आणि थंडीत ड्रमच्या तळाशी त्याचे खडे बसतात.

मूळ चूक वेगाची. सल्फेट गट रिसिनोलिक आम्लाच्या (एरंडेलातलं मुख्य मेदाम्ल) हायड्रॉक्सिलवर, म्हणजे OH गटावर, बसवायचा असतो. आम्ल ओतताना तापमान ३५ च्या वर गेलं की तेल जळतं, सल्फर डायऑक्साइड सुटतो (तोच तुमचा वास). पुढच्या बॅचला १० किलो आम्ल पुरे, तीन-चार तासांत, बारीक धारेने, बाहेरून थंड पाणी फिरवत. गार एरंडेल घट्ट असतं, त्यामुळे टाकीच्या तळापर्यंत पोचणारा अँकर (नांगराच्या आकाराचा) ढवळ्या हवा. नाहीतर आम्ल एका जागी साचून तिथेच काळे डाग पडतात. आम्ल संपल्यावर दोन तास ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी चिमूटभर माल अमोनियाने न्यूट्रल करून डिस्टिल्ड पाण्यात टाका. स्वच्छ विरघळला तरच धुवायला घ्या.

रंगखाता:
डिस्टिल्ड हा शब्द महत्त्वाचा. बोअरच्या जड पाण्यात चांगला मालही गढूळ दिसू शकतो. टाकी_५०, तुमची चाचणी कोणत्या पाण्यात?

टाकी_५०:
बोअरच्याच. आणि मिठाचं पाणी उकळतं घेतलं तर थर लवकर पडणार नाहीत का?

एरंडघाणा:
पडतील, पण आम्लात उष्णता मिळाली की बसलेला सल्फेट गट सुटतो आणि पुन्हा साधं तेल हाती येतं. ४० च्या आतच. पुढच्या बॅचला माल मिठाच्या गार पाण्यात ओता, पाणी मालावर ओतू नका, एकदम तापतं. शेवटी २० टक्के कॉस्टिक अगदी बारीक धारेने, पीएच ६.५ ते ७. घाई केली तर जिथे धार पडते तिथे साबण होतो.

रंगखाता:
धुण्याला टाकी बदला. ९८ टक्के आम्ल लोखंडाला फारसं खात नाही, आतून सल्फेटचा थर बसतो. धुण्याच्या पाण्याने आम्ल पातळ झालं की तो थर विरघळतो, लोह मालात उतरतं, वर हायड्रोजन सुटतो. जवळपास आग नको. रंगाईत लोहाने शेड मळकट होते, आणि ती तक्रार रंगावर जाते, तेलावर कोणी संशय घेत नाही. एचडीपीईची (जाड प्लास्टिकची) टाकी घ्या. आंबट पाणी चुन्याने न्यूट्रल करूनच सोडा.