मदत हवी आहे: मागच्या सस्पेन्शनच्या नटचे आटे गेलेत

गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक. मागचा ॲक्सल बॉडीला जिथे बसतो, तिथल्या डाव्या ब्रॅकेटच्या एका नटचे आटे गेलेत. बुश बदलताना बोल्ट हाताने न धरवता थेट एअर गनने चढवला गेला आणि तिरका बसला. काढला तेव्हा आटे तारेच्या स्प्रिंगसारखे बोल्टभोवती गुंडाळून बाहेर आले.

बोल्ट एम12 (12 मिमी जाडीचा), पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर 1.25 मिमी. नट बंद चेसिसमध्ये आतून वेल्ड केलेला आहे, जागचा फिरत नाही. पत्रा ठणठणीत, गंज नाही.

टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून झाला, नवा बोल्टही लावून पाहिला. चार-पाच फेरे धरतो, टॉर्क द्यायला, म्हणजे पूर्ण घट्ट आवळायला गेलं की सुटतो. लॉकटाइट (आटे चिकटवणारा गोंद) लावून चालवा म्हणणारे भेटले, पण या जागी मला ते अजिबात नको, घरची माणसं बसतात. गाडी तेव्हापासून उभीच आहे.

हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) टाकावी की पत्रा कापून नवा नट वेल्ड करावा? अशा बोल्टवर हेलिकॉइल टिकल्याचा कोणाला स्वतःचा अनुभव आहे का? ॲक्सल न उतरवता ड्रिल सरळ धरता येतं का? आणि नागपुरात, हिंगणा एमआयडीसी किंवा वाडीकडचं, जागेवर येऊन हे काम करणारं कोणी माहीत आहे का?