भंडारदऱ्याचं पाणी: गळ, होडी, तंबू (अनुभव धागा)

भंडारदऱ्याला तंबू घेऊन निघणाऱ्यांचे प्रश्न दर हिवाळ्यात तेच असतात, म्हणून हा धागा काढते आहे. जाणकारांनी आपापल्या टोपणनावाखाली नेमकं लिहावं: किती, कसं, आणि बिघडतं कुठे. "फार मज्जा आली" हे सगळ्यांना माहीत आहे, ते नको.

पाणलोट

सुरुवात मीच करते. आर्थर लेक असं नाव असलं तरी भंडारदऱ्याचं हे पाणी म्हणजे तळं नव्हे. प्रवरेवरच्या विल्सन धरणाचा हा फुगवटा आहे; धरण १९२६ साली पुरं झालं, साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट. बहुतेक वर्षी ऑगस्टात ते भरतं आणि पुढे शेतीसाठी पाण्याची आवर्तनं सुटतील तसं पाणी मागे हटत जातं. त्यामुळे ऑक्टोबरात ज्या झाडाखाली तंबू पाण्याला लागून होता, त्याच झाडापासून मे महिन्यात पाणी गाठायला चांगली पायपीट पडते.

तंबूची जागा ठरवताना पाण्यापासून किती लांब हे पाहू नका, किती वर हे पाहा. सपाट काठावर उतार ३० फुटांना १ फूट असला, तर पातळी फूटभर चढल्यावर पाणी ३० फूट आत येतं. जुलैत वरच्या अंगाला घाटघर-रतनवाडीकडे रात्रभर पाऊस कोसळला की असं होऊ शकतं, मग धरणाजवळच्या शेंडी गावात रिमझिम का असेना. किमान दोन पुरुष उंची वर जा. काटक्या, शेवाळ, थर्माकोलचे तुकडे यांची जी वाळलेली रेघ काठाला दिसते ती पाण्याची जुनी खूण. तिच्या खाली झोपायचं नाही.

धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात तर मुळीच नाही. आवर्तन सुटलं की पाणी वाढायला वेळ लागत नाही.

गळकरी

आधी परवानगी. राज्यातल्या जलाशयांतली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे दिलेली असते. शेंडीत चौकशी करा, पावती मिळत असेल तर खिशात ठेवा. रतनवाडी, साम्रद, घाटघर हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. तिथे गळ बाहेरच काढू नका. आणि पावसाळा हा विणीचा काळ, पोटात अंडी असलेली मादी मारून काय मिळवणार?

आता सामान. दोरा ०.३० ते ०.३५ मिमी, गळ ६ किंवा ८ नंबरचा, रॉड ८-९ फुटी. रीलचा ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरा सोडणारा चाप) दोऱ्याच्या ताकदीच्या पावपट ठेवा. नवखे तो करकचून आवळतात आणि तीन किलोचा कटला पहिल्या धावेतच दोरा तोडून जातो.

कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तरंग्याची उंची त्याप्रमाणे बदला. मृगळासाठी आमिष तळाला टेकलेलं किंवा जेमतेम चार बोटं वर हवं.

आमिष: २ वाट्या कणीक, १ वाटी शेंगदाण्याची पेंड, अर्धी वाटी भिजवून पिळलेले पोहे, चिमूटभर बडीशेपेची पूड. पाणी शिंपडत मळा, ओतू नका. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ झाला की थांबायचं. सैल गोळा टाकतानाच हवेत सुटतो आणि घट्ट झाला तर माशाच्या तोंडात गळ मोकळा होत नाही. पेंड तेलकट असेल तर गोळा बांधत नाही. मळताना कापसाचे चार तंतू पिंजून घाला, धरून राहतो. शेंगदाणे वाटून घालू नका, तेलाने सगळं फुटतं. चिलापीला हे सगळं कौतुक लागत नाही, गांडुळाचा तुकडा पुरतो.

पाण्याखाली जुनी झाडं, खुंट, बांध आहेत. दोरा बुडवणारं शिसं अडकतं आणि त्यापायी गळासकट अख्खी जुळणी जाते. उपाय सोपा आहे: शिसं मुख्य दोऱ्याला न बांधता ०.२० च्या वीतभर पातळ दोऱ्याला लटकवा. अडकलं तर तेवढंच तुटेल. तुटलेला दोरा मात्र खिशात घालून परत न्या, पाणकावळ्याच्या पायात गुंतला की तो सुटत नाही.

थंडीत पहाटे पाचला जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही. डिसेंबरात मासा ऊन चढल्यावर हलतो, दहा ते एक ही खरी वेळ. पहाट उन्हाळ्यासाठी ठेवा.

वल्हंवाला

वारा दुपारी उठतो. सकाळी आरसा असलेलं पाणी बाराएकला फुटभर लाटांचं होतं, म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि येताना वारा पाठीशी घ्या. लोक नेमकं उलट करतात आणि दमलेल्या हातांनी वाऱ्याविरुद्ध वल्हवत बसतात.

लाइफ जॅकेट घातल्यावर दुसऱ्याला खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर आलं तर ते सैल आहे. पाण्यात डोक्यातून निघून जाईल. गावच्या होडीत मिळणाऱ्या जॅकेटचे बक्कल ओढून पाहा, अर्धे नुसते शोभेला असतात. बक्कल लागत नसेल तर जॅकेट बदलून मागायचं, लाजायचं नाही.

स्वतःची फुगवायची कयाक असेल तर सकाळी कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा किंचित कमी हवा भरा. उन्हात हवा फुगते, शिवण उसवते. दुपारी पाण्यातून काढून काठावर उन्हात टाकणं तर सगळ्यात वाईट, कारण खालून गार करणारं पाणीच नसतं. सावली नसेल तर झडप क्षणभर उघडून हवा सोडा. भोक पडलंच, तर ठिगळ लावताना घाई नडते: जागा स्पिरिटने पुसा, बारीक पॉलिश पेपर फिरवा, दोन्ही बाजूंना डिंकाचा पातळ हात द्या, पाच मिनिटं वाळू द्या, दुसरा हात, मग दाबा. नंतर निदान रात्रभर वजन. ओल्या डिंकावर चिकटवलेलं ठिगळ हवा भरताच शीळ घालतं.

पाण्यात पडलात तर बाजूने होडीवर चढू नका, ती उलटेल. मागच्या टोकाकडून पोटावर सरकत या.

शेंडीकर

वरच्या सगळ्यांनी एक गोष्ट सोडली. एप्रिल-मेमधला गाळ. वरून पापडी वाळलेली, भेगा पडलेल्या, खाली मांडीभर लापशी. हातात चार फुटी काठी ठेवा आणि प्रत्येक पावलाआधी रोवा. गुरांच्या पायवाटेने गेलात तर बरं; पण खुरांच्या खड्ड्यांत पाणी साचलेलं दिसलं की तिथूनच मागे फिरा.

रुतलात तर एक पाय जोरात उपसू नका, सगळा भार दुसऱ्यावर जातो आणि तो आणखी खाली जातो. पाठीवर रेला, वजन पसरा, पाय हळूहळू गोल फिरवत सैल करा. सोडवणाऱ्याने जवळ यायचं नाही, दोर किंवा फांदी टाकायची.

तंबूतली

काठावर मुरूम आणि कातळ, तंबूसोबत येणाऱ्या बारीक खुंट्या वाकतात. फूटभर लांबीच्या पोलादी खुंट्या न्या. त्याही जात नसतील तर दोर डोक्याएवढ्या दगडाला गुंडाळा आणि त्यावर दुसरा दगड ठेवा. खालचा ताडपत्रीचा तुकडा तंबूच्या बुडापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं लहान हवा. बाहेर डोकावला तर दंव त्यावर गोळा होऊन तुमच्या खालीच येतं.

सकाळी आतून सगळं ओलं, म्हणजे तंबू गळतो असं नाही. तो तुमचाच श्वास आहे. वरची झडप आणि दाराची चेन वीतभर उघडी ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. थंडी वरून नाही, जमिनीतून येते. दुसऱ्या पांघरुणापेक्षा खाली फोमची दुसरी चटई घाला.

शेगडी किंवा निखारे तंबूत कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही.

बूट आत घ्या किंवा पालथे टांगा, विंचू आणि फुरसं दोन्ही या भागात आहेत. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चावलेला हात किंवा पाय हलवायचा नाही, १०८ लावायचा. रतनवाडीकडे रेंज दगा देते, तेव्हा गाडी कुठल्या गावातून मिळेल हे उजेडातच विचारून ठेवा.

काटेरी

मासा मिळालाच तर: खवले शेपटीकडून डोक्याकडे काढा, कल्ले पूर्ण उपसा. चिखलाचा वास तिथेही राहतो. मीठ-हळद चोळून १५ मिनिटं, मग ताकाने धुवा. मृगळात बारीक काटे फार. दोन्ही बाजूंनी दर ३-४ मिमीवर मधल्या काट्यापर्यंत चिरा द्या, तळताना काटे कुरकुरीत होतात. आतडी तंबूपासून लांब, हातभर खोल पुरा, नाहीतर रात्री गावची कुत्री तुमच्या उशाशी. लाकडं गावातून विकत घ्या, रानातली तोडू नका.

पाणलोट

शेवटचं: निघताना घडी घातलेला ओला तंबू घरी आल्या दिवशीच उलगडा. दोन दिवस तसाच राहिला की बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते जात नाहीत. चेनचे दात जुन्या टूथब्रशने साध्या पाण्यात धुवा. या गाळाचे कण बारीक असतात आणि पुढच्या खेपेला चेन नेमकी मध्यरात्री अडकते.